बिडी उभी, बिडी आडवी

खैरटोली, बोदलकसा रोड, ता. तिरोडा
१२ नोव्हेंबर २००९

भूषण,
सप्रेम जय भीम.

घरात फोन असताना ताईनं पत्र कायले लिहिलं म्हणून घाबरशील. घाबरू नको, पण पूर्ण वाच. फोनवर मले तुझ्याशी काहीच बोलता येत नाही. फोन वाजला की माय मांडीले मांडी लावून बसते. "भूषण हाय का? सांग त्याले, मी मजेत आहो." मी तोंड उघडलं की चिमटा काढते. मग मी पण म्हणते, हो, सगळं ठीक आहे. फोन ठेवला की माझं मलेच कसंतरी होते.

ठीक काहीच नाही. मायच्या पोटात गाठ आहे. तिरोड्याच्या डॉक्टरनं हात लावल्याबरोबर सांगितलं, नागपूरले न्या, मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. मी म्हणून म्हणून थकली. माय म्हणते, "मले काय झालं? भूषण पाहीन अन् म्हणन, तवा जाईन." पोरीचं म्हणणं म्हणजे वारा, आणि तू बेल्लारीच्या लोखंडाच्या कारखान्यात बसून शब्द टाकला की तो कायदा. आपल्या घरची रीत तुले माहीत आहे, बाबा होते तेव्हापासून हेच.

म्हणून काकाच्या राजदीपले बोलावलं. त्याचा तिरोड्यात स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग करते. त्याले म्हटलं, मायची शूटिंग काढून दे, भूषणले पाठवते, त्याच्या डोळ्यानं पाहू दे. तर मायनं काय करावं! नवीन लुगडं नेसली, केसाले तेल लावलं, आणि बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली. म्हणे, "काम करताना काढ रे, म्हणजे त्याले वाटन माय अजून पहिल्यासारख्याच बिड्या बांधते." तीन-चार बिड्या वळल्या आणि दम लागला. राजदीपनं तेवढा भाग कापला, मायनंच त्याले डोळे वटारले म्हणून.

सीडी सोबत आहे. तुमच्या खोलीत कंप्युटर आहे ना, त्यावर पाहजो. पाहिलं की मायले फोनवर एवढंच म्हणजो, "माय, नागपूरले जा." बाकी सगळं मी पाहून घेते. अंगणवाडीच्या बाईंना सुट्टीचं सांगून ठेवलं आहे.

तुझी,
अल्काताई


कारखान्याची कॉलनी, बेल्लारी
२० नोव्हेंबर २००९

प्रिय ताई,
जय भीम.

सीडी मिळाली. काल आमची सुट्टी होती, दुपारी आम्ही खोलीतल्या सगळ्यांनी मिळून पाहिली. ताई, तू मले केवढं घाबरवलं गं! आणि सीडी लावली तर काय, माय तर मस्त आहे! गाल भरले, हात भरले, खांदे केवढे रुंद झाले. मी घरून निघालो तेव्हा याच्या अर्धी नव्हती. खोलीतला बिहारी पोरगा म्हणाला, "भैया, आपकी माताजी तो पहलवान हैं." मी हसून हसून बेजार झालो.

आनंदाच्या भरात लगेच फोन केला. तू अंगणवाडीत होती, मायनंच उचलला. मी म्हटलं, "माय, तुझी तब्येत तर झकास झाली!" लय खुश झाली. नागपूरचा विषय मी काढलाच नाही. काऊन काढू? इतकं चांगलं दिसणाऱ्या माणसाले दवाखान्याचं नाव घेऊन कायले घाबरवावं?

एक मात्र सांगजो तिले, बिड्या लय जाड बांधून राहिली. सुपात उभी जुडी ठेवली होती, एकेक बिडी चिरुटासारखी दिसे. ठेकेदार सगळ्या छाटात, खराब मालात टाकल आणि पान-तंबाखू फुकट जाईन.

ताई, राग नको मानू. अंगणवाडी, घर, माय, सगळं तुझ्या एकटीवर आहे. थकलेल्या माणसाले लहानशी गोष्ट पण डोंगराएवढी वाटते. थोडा आराम कर.

तुझा,
भूषण


खैरटोली
२८ नोव्हेंबर २००९

भूषण,
जय भीम.

आराम करून राहिली रे बाबा. दिवसभर पाय पसरूनच बसली असते मी.

तू एक फोन केला आणि माझी सगळी मेहनत पाण्यात गेली. मायले मी कसंबसं तयार केलं होतं, थैली पण भरली होती. अंगणवाडीतून आली तर थैली रिकामी, लुगडी परत दोरीवर. "भूषणनं पाहिली ना मले. मी जाडी झाली म्हणते तो. तुलेच मी बिमार पाहिजे." आता ती साऱ्या गल्लीत सांगत फिरते, माह्या पोरानं मले कंप्युटरवर पाहिलं, माही तब्येत झकास हाय म्हणे. फिरते म्हणजे काय, दोन घरं जाते आणि तिसऱ्या ओट्यावर बसते. तिथून मी हात धरून आणते.

तू कोणाची माय पाहिली रे? आपली माय तर अशी आहे: हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात आणि हात खाली केला की गळून पडतात, म्हणून मी त्याले दोरा बांधून दिला. पेज प्यायली तरी पोटाले हात लावून बसते. आंघोळ घालताना पाठीचं एकेक हाड हाताले लागते, आणि मी तोंड फिरवून पाणी टाकते. यातलं काय भरलं तुले दिसलं?

मले वाटलं माझंच डोकं फिरलं की काय. राजदीपच्या स्टुडिओत जाऊन सीडी परत पाहिली. बारीकच दिसते माय. काडी दिसते. हनवटीखालची शीर पण दिसते. राजदीपले म्हटलं, भूषण म्हणते माय जाडी झाली, तर तो कपाळाले हात लावून हसला. म्हणे, "भूषणदादाले चष्मा लागला."

मी थकली हे खरं आहे. पण थकली म्हणून खोटं नाही बोलत. एवढं तरी मान.

अल्का


बेल्लारी
६ डिसेंबर २००९

ताई,
जय भीम.

आज सहा डिसेंबर. कॉलनीतल्या आपल्या पोरांनी बाबासाहेबांच्या फोटोले हार घातला, मेणबत्त्या लावल्या. त्याच्यानंतर परत सीडी लावली, यावेळी नीट ध्यान देऊन. माझ्या एकट्याच्या डोळ्यावर भरवसा नको म्हणून चौघांना बसवलं. चौघंही म्हणाले, तब्येत चांगली आहे. एवढ्या लोकांना चष्मा लागला काय?

मॉनिटर पण जुना नाही. दिवाळीत आम्ही सगळ्यांनी मिळून नवीन चपटा आणि रुंद मॉनिटर घेतला. जुना डबा भंगारात दिला. याच्यावर चित्र एकदम साफ दिसते.

ताई, एक गोष्ट मनात आली ती लिहितो. तुले माय जड झाली का? झाली असेल तर सरळ सांग. तुझा संसार तुटला तेव्हापासून तू तिच्याजवळ आहेस, मले समजते. पण त्याच्यासाठी मायले बिमार करू नको. मी एप्रिलमध्ये जयंतीले येतो, मग तिले इकडे घेऊन येईन. आता सुट्टी मागितली तर सुपरवायझर नाव काढून टाकल.

आणि मायच्या बिड्यांचं मी खोटं नाही सांगत. मले लहानपणापासून तिच्या बिड्या माहीत आहेत, सगळ्या एका मापाच्या. आता मात्र हात बिघडला. बिडी उभी धरते तर आखूड आणि जाड, तीच आडवी करते तर लांब आणि बारीक. असं कसं बांधते कोण जाणे.

भूषण


खैरटोली
१४ डिसेंबर २००९

भूषण,

तुझं पत्र वाचून मी चुलीजवळ बसून लय रडली. "मायले बिमार करू नको." हे वाक्य तू लिहिलं, टपालात टाकलं, आणि ते इतक्या दूर चालत आलं. मले माय जड झाली का म्हणतोस? ये आणि उचलून पाहा एकदा, किती जड आहे. अंगणवाडीतलं लेकरू उचलावं तशी उचलते मी तिले.

पत्र फाडणार होती. फाडता फाडता शेवटच्या ओळीवर नजर गेली आणि हात थांबला.

आता शांतपणे वाच. तू बिडीवाल्या बाईचा पोरगा आहेस. आपण दोघंही पान कातरत कातरत मोठे झालो. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कातरायचं, म्हणून सगळी पानं सारखी, सगळ्या बिड्या सारख्या. मग मले सांग, एकच बिडी हातातल्या हातात उभीची आडवी केली तर लांब कशी होईन? बिडी काय रबराची असते?

बिडी नाही बदलत. चित्र बदलते. तुमचं चित्र आडवं ताणलं जाऊन राहिलं. म्हणून उभी बिडी जाड, आडवी बिडी लांब, आणि माय पहिलवान.

हे घेऊन तशीच राजदीपकडे गेली. तुझी ओळ त्याले वाचून दाखवली. आधी हसला, मग हसला नाही. म्हणे, "ताई, माझ्या कॅमेऱ्याचं चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं आहे, थोडंसंच रुंद. भूषणदादाचा मॉनिटर लय रुंद असन. रुंद खाटेवर लहान चादर ओढून बसवली, तसं झालं." त्यानं सांगितलं ते लिहिते. सीडी लावल्यावर चित्रावर उंदराचं उजवं बटन दाब. व्हिडिओ लिहिलं असन, त्याच्यात चित्राच्या मापाची यादी निघते. त्यातलं चार-तीन निवड. क्रॉप लिहिलं तिथं हात लावू नको, त्यानं चित्र कापल्या जाते.

हे पत्र मी रागानं नाही लिहून राहिली. रागवायाले पण अंगात जीव लागते. मायनं परवापासून सूप मांडीवर घेतलं नाही. म्हणे, उद्या बांधीन. तू करून पाहा आणि लवकर कळव. मले आणखी कोणाले समजावून सांगता येत नाही आता.

ताई


बेल्लारी
२२ डिसेंबर २००९

ताई,
जय भीम.

पत्र कामावर असतानाच मिळालं. जेवणाच्या सुट्टीत खोलीवर येऊन करून पाहिलं. पहिल्यांदा चुकून क्रॉपवरच हात गेला, मायचं कपाळ कापल्या गेलं आणि सूप पण गेलं. ते नीट केलं. मग तू सांगितलं ते चार-तीन निवडलं. पडद्यावर अक्षरं आली, आणि चित्र होतं तसंच राहिलं. तिळभर पण बदललं नाही. दोनदा केलं, तीनदा केलं. माय तशीच भरलेली.

म्हणजे राजदीपचं म्हणणं बरोबर नाही, ताई. मले माफ कर, पण चित्र बरोबरच आहे असं दिसते. मी काय करू, जे दिसते तेच सांगतो.

संध्याकाळी पुढं लिहितो.

ताई, वरचं खोडत नाही. तुले समजू दे की तुझा भाऊ कसा आहे ते.

कामावरून आलो आणि पत्रावर तारीख टाकायची म्हणून कंप्युटरमध्ये तारीख पाहाले गेलो. तारखेच्या बाजूले एक गोल घड्याळ असते, तुले राजदीप दाखवल. ते घड्याळ गोल नव्हतं. अंड्यासारखं होतं, दोन्ही बाजूनं पसरलेलं. रोज पाहतो मी ते. आम्हाले वाटे नवीन मॉनिटरवर असंच दिसते.

मग डोक्यात उजेड पडला. सीडीचा दोष नव्हताच. आम्ही जुना डबा काढून रुंद मॉनिटर लावला, पण कंप्युटरच्या आत माप जुन्या डब्याचंच राहिलं. सीडीचंच काय, तो सगळ्याच चित्रांना ओढून रुंद करत होता. म्हणून चार-तीन करूनही काही फरक पडला नाही. पडदाच लबाड, तर त्याच्यावरचं चित्र खरं कसं होईन? रिकाम्या पडद्यावर उजवं बटन दाबलं, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज. तिथं एक सरकवायची पट्टी असते, ती मॉनिटरवर लिहिलेल्या मापापर्यंत सरकवली. पडदा एकदा काळा झाला आणि परत आला. घड्याळ गोल झालं.

मग सीडी लावली.

चित्राच्या दोन्ही बाजूले काळे पट्टे आले. आणि मधात माय. ताई, माझी माय कुठं गेली गं? एवढीशी राहिली. गळ्याखाली खड्डे पडले आहेत. बांगडीले बांधलेला तुझा दोरा नाही दिसला, तो नंतर बांधला असशील, पण बांगड्या कोपराजवळ दिसल्या. आणि बिडी उभी केली, आडवी केली, तेवढीच्या तेवढी. मायचा हात बिघडलाच नव्हता. एक नंबर बिड्या.

एवढे दिवस मी तिले फोनवर सांगत होतो, झकास दिसतेस. आणि तुले लिहिलं ते मले आता वाचवत पण नाही. मी लय रडलो. तो बिहारी पोरगा बाजूले बसून राहिला.

सुपरवायझरले सांगितलं, ठेवायचं तर ठेव, नाहीतर काढ. परवा निघतो, जनरलच्या डब्यातून का होईना. हे पत्र माझ्या आधी पोचते का मागून, माहीत नाही. थैली परत भरून ठेव. मी येऊन म्हणतो तिले, नागपूरले चल.

तुझा लहाना भाऊ,
भूषण


खैरटोली
१० मार्च २०१०

प्रिय भूषण,
सप्रेम जय भीम.

तू परत कामावर गेला, त्यांनी घेतलं, हे ऐकून जीवाले बरं वाटलं. तुले पोचवून मी घरी आली तर माय ओट्यावर बसूनच होती. तू आला त्या दिवसाचंच बोलते अजून. दारात तू उभा, डोळे लाल, आणि ही खाटेवरून काय म्हणाली, "अगंबाई, किती बारीक झाला रे पोरगा!" तुले हसू पण येईना आणि रडू पण येईना. मी चुलीकडं पळाली ते त्याच्यासाठीच.

नागपूरच्या ऑपरेशनचे टाके सुकले. पेज पचते, कधी भाताचे दोन घास पण खाते. बाकी डॉक्टरनं आपल्या दोघांना जे सांगितलं तेच आहे. सगळी गाठ नाही काढता आली, लवकर आणलं असतं तर पाहता आलं असतं. त्या "लवकर"च्या मागं लागून मी पण लय दिवस काढले. तुझ्यावर राग काढला, मायवर काढला, राजदीपवर काढला. आता तेवढी ताकद नाही. आणि खरं सांगू, तुझ्यावर राग राहिला पण नाही. तुले दिसलं तेच तू बोलला. मले दिसलं ते मी बोलली. दोघंही मायसाठीच भांडत होतो.

मागच्या आठवड्यात मायनं मले सरळ विचारलं. "अल्का, डाक्टर काय म्हणाला ते मले सांग. चिमटा नाही काढत." मी सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पान मागितलं खायाले. मग मी तिले तुझ्या मॉनिटरची गोष्ट पण सांगितली, घड्याळ अंड्यासारखं झालं ते आणि ती पहिलवान झाली ते. अशी हसली, टाक्याले हात लावून हसली. म्हणे, "कंप्युटरले तरी मी धष्टपुष्ट दिसली. जलमात एकदा तरी दिसली."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, राजदीपले बोलाव, भूषणसाठी परत शूटिंग काढायची आहे. मी म्हटलं, आता कायले? म्हणे, पहिली खोटी होती, ही खरी काढू. नवीन लुगडं नाही नेसली. रोजचंच होतं, माझ्या हातानं ठिगळ लावलेलं. ठेकेदारानं तिचं बिडीकामाचं कार्ड केव्हाचं बंद केलं, पण एका बिडीपुरतं पान आणि तंबाखू शेजारच्या रुख्माबाईकडून मागून आणली. पान एकदा फाटलं. राजदीप थांबत होता तर त्याले म्हणाली, "चालू ठेव, कापजो नको काही." मग कशीबशी एक बिडी बांधली. ती कॅमेऱ्यासमोर धरली. आधी उभी. मग आडवी. आणि म्हणाली, "भूषण, पाह्य रे बाबा, सारखी दिसते का? सारखी दिसन तवाच माह्या तोंडाकडं पाह्यजो."

तीच सीडी सोबत पाठवून राहिली. त्याच्यानंतर ती काय बोलली ते मी लिहीत नाही. तिनंच तुले सांगितलं आहे, तू तिच्याच तोंडून ऐक. आधी बिडी पाहजो, मग माय.

एप्रिलमध्ये जयंतीले येतो म्हणालास, जमलं तर त्याच्या आधी ये. माय रोज विचारते, जयंती किती दूर आहे.

आणि आता पत्र नको लिहू. सीडी पाहिली की सरळ फोन कर. माय बाजूलेच बसून राहीन. आता काही हरकत नाही.

तुझी,
ताई